म्हाताऱ्या बाईचीच गोष्ट असलेले आशियाई सिनेमे सुचवा (सासूबाईंच्या भिशीत दाखवायचे आहेत)

मंजिरी_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची. आमच्या कॉलनीत सासूबाईंची भिशी आहे. सगळ्या साठीच्या पुढच्या, दोघीतिघी ऐंशीला टेकलेल्या. चिठ्ठी निघते, पोहे-चहा होतो, सुनांचा उद्धार होतो (मी आत स्वयंपाकघरात असते, सगळं ऐकू येतं) आणि दिवेलागणीच्या आत सगळ्या आपापल्या घरी. धाकट्या दिरांनी हौसेनं घेतलेला प्रोजेक्टर घरात पडून आहे. गेल्या वेळी सासूबाईच म्हणाल्या, "लाव की एखादा सिनेमा. पण मारधाडीचा नको, आणि पोरानं आईला घराबाहेर काढलं, तसला रडका तर अजिबात नको."

मी शाहू स्मारकला बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीचे सिनेमे अधूनमधून बघते. जपान, कोरिया, इराणकडचे काही बघितले, तेव्हा जाणवलं की तिकडच्या छोट्या, कमी पैशातल्या सिनेमांत म्हातारी बाई कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलेली नसते. गोष्टच तिची असते. तिला काहीतरी हवं असतं आणि ती ते मिळवायला घराबाहेर पडते. असे सिनेमे सुचवा. दोन तासांच्या आसपासचे असले तर बरं, आणि शेवटी म्हातारी मरत नसेल तर उत्तम.

जाता जाता एक प्रश्न. म्हातारीला आजारी पाडल्याशिवाय किंवा मारल्याशिवाय या दिग्दर्शकांचं भागतच नाही का?

तिरकस_तात्या

शेवटी म्हातारी जिवंत? मग पुरस्कार कसा मिळायचा हो! खुर्ची टाकून बसलोय, चालू द्या.

गंगावेशीचा_गडी

पोह्यात शेंगदाणे असतात का ते आधी सांगा, मग सिनेमा सुचवतो.

निवांत_पाटील

मंजिरीताई, पहिलं नाव डोळे झाकून घ्या: 'अ सिंपल लाइफ'. हाँगकाँगचा, २०११चा, दिग्दर्शिका ॲन हुई. आह ताओ नावाची बाई एकाच घरात साठ वर्षं कामाला आहे. घरातली माणसं एकेक करून परदेशी गेली, मागं एक मुलगा राहिला. तिला झटका येतो आणि ती स्वतःच त्याला सांगते, मला वृद्धाश्रमात ठेव. पुढं तो तिचं करतो, एवढीच गोष्ट. सिनेमाचे निर्माते रॉजर ली यांच्या घरात खरंच घडलेली. ताओचं काम करणाऱ्या डीनी इप यांना व्हेनिसच्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मुलगा झालाय अँडी लाऊ, म्हणजे तिकडचा बडा स्टार, पण सिनेमाभर तो बाईला पुढं करून स्वतः मागं उभा राहतो.

मला आवडतं ते असं की ताओ बिचारी नाही. तिच्या जागी नवी बाई बघायला मुलाखती घेतात, तेव्हा ही येणाऱ्या बायकांना अशा काही अटी घालते की एकही टिकत नाही. वृद्धाश्रमात खोल्या नाहीतच, आडोसे घालून पाडलेले खण आहेत. तिथं आल्यावर ती आधी नाक मुरडते आणि मग हळूहळू सगळ्यांची उठाठेव करायला लागते. अशी बाई प्रत्येक गल्लीत असते.

शेवट मात्र तुमच्या अटीत बसत नाही. ती जाते.

मंजिरी_राजारामपुरी

यादीत घेतला. सासूबाई पहिला प्रश्न विचारतील, साठ वर्षांच्या कामाचा फंड दिला का तिला.

गंगावेशीचा_गडी, असतात. तळून.

अरुंधती_क

'माय फेव्हरिट केक' (इराण, २०२४). मरयम मोघद्दम आणि बेहताश सनाईहा या जोडीचा. तेहरानमधली सत्तर वर्षांची माहीन, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशी. मैत्रिणी तिच्याकडे जेवायला जमतात, आणि गप्पा काय, तर रक्तदाब, औषधं आणि पुरुष. तुमची भिशीच समजा. मग एक दिवस ती ठरवते की आता एकटं राहायचं नाही. पेन्शनरांच्या खानावळीत तिच्याच वयाचा एक टॅक्सीवाला दिसतो, ती सरळ त्याच्या टॅक्सीत बसते आणि त्याला घरी घेऊन येते. तो बागेतले बंद पडलेले दिवे दुरुस्त करून देतो, दोघं थोडी वाइन घेतात, नाचतात. संध्याकाळभराची गोष्ट.

त्याआधी एक प्रसंग आहे, तो चुकवू नका. बागेत पोलीस एका तरुण मुलीला डोक्यावरच्या रुमालावरून गाडीत कोंबत असतात, तेव्हा ही म्हातारी मधे पडते. माहीन घरात डोक्यावर काही न घेता वावरताना दाखवली, म्हणून दिग्दर्शकांचे पासपोर्ट काढून घेतले आणि बर्लिनच्या महोत्सवाला त्यांना स्वतःच्याच सिनेमाच्या खेळाला जाता आलं नाही. लिली फरहादपूर यांचं काम बघताना हे डोक्यात असू द्या. त्या बाईंनी किती जोखीम घेतली असेल.

(शेवट सांगत नाही. पण इथे माहीन जगते.)

गंगावेशीचा_गडी

वाइन पिऊन नाच? राजारामपुरीत? भिशी फुटतीय आता.

आक्का_मंगळवार_पेठ

आमच्या वयाच्या बायकांना नाचावंसं वाटतं हे कळायला तेहरानला कशाला जायला पाहिजे? पंचमीला आमच्या फुगड्या बघायला या. गुडघे दुखतात ते दुसऱ्या दिवशी.

मंजिरी, तू दोनदा लिहिलंस की म्हातारी मरायला नको. का बरं? आमच्यातली दर वर्षी एक जाते. तिच्या बाराव्याला जाऊन येतो आणि पुढच्या महिन्यात भिशीची चिठ्ठी काढतो. आम्हाला मरणाचं वावडं नाही. तुम्हा पोरांनाच आहे. आम्हाला राग येतो तो बिचारी म्हटल्याचा. ज्या सिनेमात म्हातारी बिचारी नसेल तो लाव, मग ती शेवटी मरू दे नाहीतर लग्न करू दे.

(टीप: आजी बोलल्या, मी टाइप केलं. 'फुगड्या'च्या पुढे अजून दोन वाक्यं होती, ती मी गाळली. – नात)

तिरकस_तात्या

आक्का, ती दोन वाक्यं व्यनि (खासगी निरोप) करा.

वादी_प्रतिवादी

सगळे कौतुकात रंगलेत म्हणून थोडा मिठाचा खडा. हे सिनेमे नक्की कुणासाठी बनतात? म्हातारी, गरिबी, स्मृतिभ्रंश, मंद कॅमेरा, पाऊस. युरोपातले परीक्षक हळहळतात, बाहुली मिळते आणि ज्या देशातली गोष्ट असते तिथं तो सिनेमा आठवडाभरही टिकत नाही. याउलट 'बाईपण भारी देवा' बघायला २०२३ साली कोल्हापुरात बायका एकसारख्या साड्या नेसून झुंडीनं गेल्या. तो स्वतंत्र सिनेमा नव्हता, कलाही नसेल तुमच्या लेखी, पण वंदना गुप्ते, रोहिणी हट्टंगडी पडद्यावर भांडताना बघून बायका खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होत्या. बायकांचा सिनेमा तो की हा?

निवांत_पाटील

दोन्ही. टाळ्या वाजवायच्या दिवशी तो, गप्प बसायच्या दिवशी हा. आणि 'आठवडाभर टिकत नाही' हे सरसकट खरं नाही. कोरियाच्या 'द वे होम'ला (२००२) एकही नट-नटी ओळखीची नसताना त्यांच्याच देशात लाखो लोकांनी गर्दी केली होती.

डॉक्टरीणबाई

वादी_प्रतिवादी यांचा मुद्दा मला थोडा पटतो, म्हणूनच 'प्लॅन ७५' सुचवते. जपान, २०२२, चिए हायाकावा यांचा पहिलाच मोठा सिनेमा. सरकारी योजना निघते: पंच्याहत्तरी ओलांडली की माणसानं स्वखुशीनं मरण पत्करावं, सगळी सोय सरकार करील, वर एक लाख येन हातखर्चाला. मिची अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हॉटेलात खोल्या साफ करते. तिथली एक सहकारी कामावर कोसळते आणि सगळ्याच वयस्कर बायकांना कामावरून कमी करतात. मग नवं काम मिळेना, नवं घर मिळेना, कारण या वयाच्या एकटीला घर भाड्यानं कोण देणार. ती योजनेचा फॉर्म भरते ते दुःखानं नाही. सगळी दारं एकेक करून, अगदी नम्रपणे बंद झालेली असतात म्हणून.

मी रोज म्हातारी माणसं तपासते. 'आमचा उगाच भार' हे वाक्य माझ्या खोलीत मराठीत रोज ऐकू येतं. त्यामुळे हा सिनेमा मला जपानी वाटलाच नाही. मिचीचं काम करणाऱ्या चिएको बाइशो म्हणजे तिकडच्या 'तोरा-सान' या सिनेमांच्या मालिकेतली सगळ्या देशाची लाडकी बहीण. त्या बहिणीलाच सरकार मर म्हणतंय. जपानी प्रेक्षकाला ते किती लागलं असेल.

भिशीत दाखवाल का, ते तुम्ही ठरवा. आक्का म्हणतात तसं मरणाचं वावडं नसेल तर दाखवा. पण नंतर चहा लांबणार हे धरून चला.

कवडसा

ली चांग-डोंग यांचा 'पोएट्री' (२०१०) अजून कुणीच कसा लिहिला नाही?

मिजा साठी ओलांडलेली. नातवाला सांभाळते, झटका आलेल्या एका म्हाताऱ्याला आंघोळ घालायचं काम करते आणि नीटनेटके, फुलाफुलांचे कपडे घालून कवितेच्या वर्गाला जाते. शब्द विसरायला लागलीय, विस्मृतीचा आजार नुकताच कळलाय. अशात समजतं की शाळेतल्या एका मुलीनं नदीत जीव दिला आणि तिच्यावर अत्याचार करणाऱ्या सहा मुलांत हिचा नातू आहे. बाकी पाच मुलांचे बाप हॉटेलात बसून हिशेब करतात: प्रत्येकी पन्नास लाख वॉन काढू, मुलीच्या आईला देऊ, मिटवून टाकू. पोरांचं भविष्य आहे ना. ही बाई तिथून उठते, बाहेर जाते आणि फुलं बघत उभी राहते.

मग ते तिलाच पाठवतात मुलीच्या आईकडं, बाईमाणूस म्हणून. शेतात ती आई काम करतेय. मिजा वाटेत खाली पडलेली जर्दाळू बघत आलीय. तिच्याशी ती जर्दाळूंबद्दल बोलते, हवापाण्याबद्दल बोलते आणि हसून परत फिरते. थोडं पुढं गेल्यावर तिला आठवतं की आपण कशासाठी आलो होतो. मला वाटतं सिनेमात इतका भयंकर प्रसंग मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यात नुसत्या दोन बायका उन्हात गप्पा मारतायत.

यून जंग-ही यांनी हे काम दीड दशकाच्या विश्रांतीनंतर केलं. त्यांचं खरं पाळण्यातलं नावही मि-जाच. पुढं त्यांनाही तोच आजार झाला आणि २०२३च्या जानेवारीत त्या गेल्या.

मंजिरी_राजारामपुरी

कवडसा, हा मी एकटीनं बघणार. भिशीत नातवांचं कौतुक हा मुख्य कार्यक्रम असतो, तिथं हा लावायची माझी छाती नाही.

वादी_प्रतिवादी

बघा! म्हणजे शेवटी आपणच ठरवतो त्यांना काय सोसेल.

सब्टायटलवाला

एक व्यावहारिक शंका, कुणीच विचारली नाही म्हणून. या सगळ्या सिनेमांच्या खालच्या ओळी इंग्रजीत. भिशीतल्या किती जणींना इंग्रजी येतं? आणि ज्यांना येतं त्यांना मोतीबिंदू. हातभर लांबीच्या पडद्यावर पळत्या ओळी कोण वाचणार?

मंजिरी_राजारामपुरी

हीच तर रड आहे. दोघी शिक्षिका होत्या, त्या वाचतील. बाकीच्यांसाठी मी शेजारी बसून सांगत जाईन म्हणते.

पेठेतला_जुना

सांगत जा की, लाज कसली! कोल्हापूरला हे नवं आहे का? याच गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' केला. तेव्हा सगळे मूकपट. पडद्यावर पाट्या यायच्या, वाचता येणारे मोठ्यांदा वाचायचे, बाकीचे ऐकायचे. आमचे आजोबा सांगायचे की थिएटरात एक वाचणारा आणि चार जण त्याला गप्प करणारे असायचेच. तुम्ही आवाज चढवून वाचा, काही बिघडत नाही.

अवांतर: प्रभात १९२९ला इथं सुरू झाली आणि १९३३ला पुण्याला गेली, हे आमच्या पेठेत अजून कालच घडल्यासारखं सांगतात.

तिरकस_तात्या

आलं! प्रभात पुण्याला गेली यावर गाडी आली. आता शंभर प्रतिसाद नक्की.

माहेर_कागल

अवांतरातच विचारते. आपल्याकडे म्हाताऱ्या बायकांची कामं करणाऱ्या नट्या कमी नव्हत्या, तरी म्हातारीची गोष्ट का नव्हती? सुलोचनादीदी आपल्या भागातल्या, खडकलाटच्या. भालजी पेंढारकरांकडे घडलेल्या, नायिकेची कामं गाजवलेल्या. पण हिंदीत गेल्यावर जवळपास आपल्याच वयाच्या नायकांची आई. ललिताबाई पवारांना १९४२ साली शूटिंगमध्ये लागलेल्या थपडेनं डोळ्याला इजा झाली आणि पुढं जन्मभर खाष्ट सासू. आई नाहीतर सासू, तिसरी जागाच नाही.

कवडसा

माहेर_कागल, जपानमध्येही हेच. किरिन किकी यांनी तिशी नुकतीच ओलांडली असताना टीव्हीवर आजीचं काम केलं होतं. फरक एवढाच की त्या खरंच म्हाताऱ्या झाल्या तेव्हा त्यांच्यासाठी गोष्टी लिहिल्या गेल्या. नाओमी कावासे यांचा 'स्वीट बीन' (२०१५) बघा. कुष्ठरोगानं बोटं वाकडी झालेली तोकुए एका छोट्या दुकानात येऊन म्हणते, मला कामावर घ्या. मग पहाटे उठून ती लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण शिजवते. दाणे निवडणं, भिजवणं, पाणी बदलणं, मंद आचेवर राखण करणं, सगळं कॅमेरा निवांत बघत बसतो. पुरण घालणाऱ्या बायकांना हा सिनेमा समजावून सांगावा लागणार नाही. जपानमध्ये कुष्ठरुग्णांना वेगळं डांबून ठेवणारा कायदा १९९६ साली रद्द झाला. तोकुएचं सगळं तारुण्य त्या कायद्यात गेलेलं.

आक्का_मंगळवार_पेठ

मराठीत 'उत्तरायण' होता की. २००४चा. नीना कुलकर्णी आणि शिवाजी साटम. उतारवयात दोघं एकत्र येतात आणि पोरांच्या पोटात दुखतं. आमच्या यांना तो आवडला नव्हता, मला आवडला होता.

आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्या रात्री आमच्या पेठेत कुणी झोपलं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं नाटक तिथं बघितलं. सासूबाई शेजारी बसून प्रत्येक वाक्यावर बोलत होत्या. मंजिरी, तू पण बोल. बायकांनी गप्प बसून काही बघायचं, ही पद्धत आमच्यात नाही.

निवांत_पाटील

सब्टायटलवाल्यांच्या शंकेवर एक तोडगा सुचतोय. सुरुवातीला कमी बोलणारा सिनेमा घ्या. वर 'द वे होम'चं नाव काढलं, तोच लावा. त्यातली आजी मुकी आहे! शहरातला सात वर्षांचा नातू आईनं डोंगरातल्या खेड्यात आजीपाशी आणून सोडलाय. पोरगं वांड, व्हिडिओ गेमच्या सेलसाठी आजीची केसात खोवायची पिन चोरतं. आजी कमरेत वाकलेली, बोलता येत नाही, लिहिता येत नाही. माफी मागायची असली की छातीवर हात गोल फिरवते. दिग्दर्शिका ली जंग-ह्यांग. ज्या किम उल-बून आजींनी काम केलं, त्यांनी त्याआधी आयुष्यात सिनेमा बघितलासुद्धा नव्हता.

आणि हो मंजिरीताई, ही आजी शेवटपर्यंत जिवंत आहे.

डॉक्टरीणबाई

चांगला सिनेमा आहे, पण त्या किम आजींचं पुढं काय झालं तेही लिहा. सिनेमा गाजला, बघे आणि पत्रकार तिच्या दारात येऊन उभे राहायला लागले आणि शेवटी तिला राहतं घर सोडून जावं लागलं. खऱ्या म्हातारीला कॅमेऱ्यासमोर बसवून दिग्दर्शक मोठा होतो, तिचं काय? २०२१ साली पंच्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या, तेव्हाच्या बातम्यांतसुद्धा हे होतं.

वादी_प्रतिवादी

हाच माझा मुद्दा होता, डॉक्टरीणबाईंनी नीट मांडला.

अरुंधती_क

मग काय करायचं? सगळीकडे नावाजलेल्या नट्याच घ्यायच्या का? सत्यजित रायांच्या 'पथेर पांचाली'त चुनीबाला देवी नसत्या तर? ऐंशीच्या घरातल्या, रंगभूमीवरून कधीच्याच बाजूला पडलेल्या. इंदिर ठाकरूनचं ते बोळकं, ती झोळी, पोरीनं चोरून आणलेल्या पेरूवरचा तिचा जीव, हे दुसऱ्या कुणाला जमलं असतं? प्रश्न म्हातारीला घेण्याचा नाही. नंतर तिच्या दाराशी कुणी उभं राहायचं नाही, हे बघण्याचा आहे.

डॉक्टरीणबाई

ते बघायला कुणी नव्हतं, एवढंच म्हणतेय.

कुरुंदवाडकर

मी वाचनमात्र असतो. एकच नाव: 'लोला'. फिलिपिन्स, २००९, ब्रियांते मेंडोझा. एका आजीच्या नातवाचा खून झालाय. दुसऱ्या आजीचा नातू त्या खुनातला आरोपी. दोघींकडे पैसा नाही. एकीला अंत्यविधीला हवा, दुसरीला पोराला सोडवायला. सगळी वस्ती पाण्यात, नावेतून शवपेटी नेतात. आमच्या गावात महापुरात नावेतून माणसं काढताना बघितलंय, त्यामुळे मला ते पाणी परकं वाटलं नाही. शेवटाकडे दोघी तडजोडीसाठी खानावळीत समोरासमोर बसतात आणि आधी बोलतात कशावर, तर सांधेदुखीवर. खून-बिन नंतर.

अनिता लिंडा आणि रुस्तिका कार्पियो. दोघींची नावं लक्षात ठेवा.

तिरकस_तात्या

कुरुंदवाडकर, वाचनमात्र राहू नका राव. आमच्यासारखे रिकामटेकडे लिहितात आणि तुम्ही गप्प बसता.

मंजिरी_राजारामपुरी

झाला बरं का पहिला खेळ! 'द वे होम' लावला. वृत्तांत:

प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडक्यांना चादरी, पंखा बंद (चादरी उडायला लागल्या म्हणून) आणि पहिली दहा मिनिटं फक्त "दिसत नाही", "सरक", "कोरियात आपल्यासारखीच एसटी आहे की". वाचायला मी बसले होते, पण फारसं काम पडलं नाही. पोरगं बोललं की मी सांगायची. आजीचं मी सांगायच्या आत त्याच मला सांगत होत्या.

पोरगं शहरातल्या तळलेल्या चिकनसाठी हटून बसतं. आजी पावसात बाजाराला जाऊन जिवंत कोंबडी आणते आणि नुसती पाण्यात उकडून पुढं ठेवते. पोरगं भोकाड पसरतं. यावर आमच्याकडे सिनेमा थांबवावा लागला. एकमतानं ठरलं की चूक आजीची आहे. कांदा-खोबरं भाजून तांबडा केला असता, नाहीतर पांढरा तरी, तर पोरगं हाडं चघळत बसलं असतं. एक काकू म्हणाल्या, "तिच्या घरात खोबरं कुठलं?" मग त्या घरात काय काय आहे याची मोजदाद सुरू झाली. भांडी किती, अंथरूण किती, भोपळे विकून किती आले, त्यातले पोराच्या बुटांवर किती गेले, आणि स्वतःला एसटीला उरले का. मी हा सिनेमा आधी दोनदा बघितलाय, पण तिच्या पैशाचा हिशेब मी कधी लावला नव्हता. यांनी पैनपै लावला.

जायच्या आदल्या रात्री पोरगं आजीच्या सगळ्या सुयांत दोरे ओवून ठेवतं, कारण तिला आता दिसत नाही. तिथं दोघी रडल्या. सासूबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "शिकलं एकदाचं." आणि मग माझ्याकडे बघून, "आमच्याकडं कोण ओवतं?"

तर नंतरच्या चहाला विषय सुया नव्हता. विषय होता, पोरीनं मूल आजीकडं टाकलंच कसं. त्यावर दोन तट पडले आणि अजून ते मिटलेले नाहीत.

गंगावेशीचा_गडी

तांबडा-पांढरा आलाच! कोरियाच्या डोंगरात गेलं तरी कोल्हापूर सुटत नाही. नाद खुळा.

वादी_प्रतिवादी

वृत्तांत आवडला. माझा आक्षेप परीक्षकांवर होता, काकूंवर नाही. काकूंना परीक्षक नेमा.

निवांत_पाटील

पुढचा कुठला मग? हाँगकाँगच्याच रे युंग यांचा 'ऑल शॅल बी वेल' (२०२४) पण आहे. साठीतल्या दोघी बायका, तीसेक वर्षांहून जास्त एकत्र संसार केलेला. एक अचानक जाते. घर तिच्या नावावर. कालपर्यंत वहिनी वहिनी करून जेवायला येणारे दीर-पुतणे दुसरीला घराबाहेर काढायला बघतात, आणि त्यांच्यातलं कुणी खलनायक नाही, सगळ्यांनाच जागेची अडचण. हे घरांच्या वाटण्या बघितलेल्या माणसाला लगेच कळतं.

मंजिरी_राजारामपुरी

घर कुणाच्या नावावर हा विषय निघाला तर भिशी रात्री दहापर्यंत चालेल. पण चांगला वाटतोय. आणखी एक अडचण आहे. कुणाच्यातरी सुनेनं हा धागा वाचून दाखवला आणि कुठूनतरी 'द बॅकस लेडी'चं नाव निघालं. यून यो-जंग यांनी काम केलेला, २०१६चा. पासष्टीची बाई सोलच्या बागेत एनर्जी ड्रिंकची बाटली विकायच्या निमित्तानं म्हाताऱ्या पुरुषांत देहविक्रीचं गिऱ्हाईक शोधते. पोटासाठी. पुढं त्यातलेच एकाकी, आजारी म्हातारे तिला म्हणतात, आम्हाला मरायला मदत कर. मला वाटलं नको म्हणतील. तर चौघींनी हात वर केले, हाच लाव म्हणून.

आक्का_मंगळवार_पेठ

मग लाव की. त्यात काय आहे न कळण्यासारखं? देवळाबाहेर बसणाऱ्या बायका आम्ही रोज बघतो. त्यातली कुठली कशानं तिथं आली ते आम्हाला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं.

तिरकस_तात्या

आक्कांपुढं आपली तिरकस टिप्पणी चालत नाही. रजा घेतो.

अरुंधती_क

मंजिरी, 'बॅकस लेडी' आधी स्वतः एकदा बघून घे, दोन ठिकाणी वाचून दाखवताना तुझीच पंचाईत होईल. त्याआधी 'लोला' लाव. वाचायला मात्र दोन आवाज लागतील, दोघी आज्या एकदम बोलतात. मी रविवारी इचलकरंजीहून येऊ शकते. एक आजी माझ्याकडे.

मंजिरी_राजारामपुरी

ये. आरोपीची आजी तू घे, दुसरी सासूबाई स्वतःच करणार म्हणतात. इंग्रजी येत नाही त्यांना. म्हणाल्या, ती काय बोलत असेल ते मला तोंड बघून कळतं.